मिरगातलं फूल

चौक गाव मागे टाकून माथेरानच्या वन ट्री हिलकडे निघालात की आधी भाताची खाचरं लागतात. राबातलं रोप बोटभर वर आलंय, बांधावर कुणी खेकड्याची बिळं चाचपतंय. मग चढ, मग कारवी, आणि कारवीतून बाहेर पडता पडता एक उघडा कातळ. मिरग लागून आठवडा झालाय. दोन-चार दणकून सरी पडून गेल्यात, आता उघडीप आहे. समोर इर्शाळगडाचा सुळका, त्याचं नेढं, उजव्या अंगाला प्रबळगड, खाली मोरबे धरणाचं पाणी. बहुतेक लोक इथे पाठ डोंगराकडे करून फोटो काढतात. तुम्ही खाली बघा. गुडघे टेका, चिखल लागू दे.

कातळाच्या फटीत मूठभर माती आहे आणि तीत गवतासारखी पाच-सहा पानं. गवत नव्हे ते. पानावर लांबीने घड्या आहेत, नव्या साडीच्या निऱ्यांसारख्या. त्या पानांच्या बुडाशी, अगदी मातीला टेकून, एक पिवळी चांदणी उघडली आहे. सहा पाकळ्या, बाहेरच्या अंगाला बारीक लव, मध्ये सहा पुंकेसर. रुपयाच्या नाण्याखाली सहज झाकेल एवढंच. ही काळी मुसळी.

फुलाला देठ आहे असं तुम्हाला वाटेल. बोटाने माती जरा बाजूला करा, हलक्या हाताने. तो दोऱ्याएवढा देठ म्हणजे बीजकोशाचीच वर ताणलेली मान आहे. बीजकोश स्वतः पानांच्या बुडख्यात, जमिनीखाली दडलेला. फूल उजेडात येतं, फळ मात्र मातीतच धरतं आणि मातीतच पिकतं. आत थोड्याच बिया, काळ्या कुळकुळीत, अंगावर नागमोडी रेघा असलेल्या. त्याच्याही खाली सरळ खोल गेलेला कंद, बाहेरून काळपट, मोडला तर आत पांढरा. मोडू नका. त्या कंदापायीच हिला वैद्य ओळखतात, आयुर्वेदात ती तालमूली, आणि बाजारात पावडर होऊन डबीत बसते तेव्हा डबीवर घोडा नाहीतर पैलवान असतो. माती परत सारून ठेवा.

मुसळीचं कुळ काही फक्त आपलं नाही. श्रीलंकेपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत हीच जात सापडते, योझेफ गेर्टनर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिलं ते १७८८ मध्ये, आणि केरळात कर्कटक महिन्यात, म्हणजे ऐन पावसात, बायका केसांत माळतात त्या दशपुष्पांत हिची गणना आहे. आपल्याकडे तिला एवढा मान नाही. आपल्याकडे लोक ऑगस्ट संपताना सोनकी-तेरड्याचे गालिचे बघायला गाड्या काढतात. तेरडा एका वर्षाचा, बी टाकून मरून जाणारा. मुसळी तीच, त्याच फटीत, वर्षानुवर्षं. म्हणून वर्षं ओलांडायची तर वाटाड्या तिलाच करावं.

डोळे वगैरे मिटायची गरज नाही. कातळ इथेच राहील, वर्षं मागे सरकतील. अट एकच: जिथे उतराल तिथे हे फूल उघडं असलं पाहिजे. म्हणजे मिरगापासून आषाढ, फार तर श्रावण. दिवाळीनंतर हिची पानं वाळतात, आणि पुढे पाऊस येईपर्यंत इथे काही आहे याचा मागमूस नसतो. अट साधी वाटते खरी. तिची खोच पहिल्याच मुक्कामाला कळेल.

जून १९४३. मोरबेचं पाणी गेलं, त्या जागी खाचरं आणि झाडी आहे. तुम्ही आलात ते अर्थात भाई कोतवालांसाठी. माथेरानात जन्मलेला हा वकील आणि त्याचा आझाद दस्ता, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारा, याच डोंगररांगांतून रात्री फिरत होता. पण मनोरे पडले ते १९४२ चा पाऊस ओसरल्यावर, आणि सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले ती तारीख २ जानेवारी १९४३. तुम्ही साडेपाच महिने उशिरा पोचलात. त्या रात्री दस्त्यातली माणसं या कातळावरून गेली असतीलच, तर मुसळी त्यांच्या पायांखाली झोपलेली होती.

मात्र जूनमध्ये दुसरं काही दिसतं. गावातल्या कणग्या रिकाम्या आहेत. भाताची लावणी व्हायची आहे, पीक दिवाळीला येणार, तोवर सावकाराकडून दाणे उचलायचे आणि दिवाळीत दीडपटीने-दुपटीने फेडायचे. भाई कोतवालांनी दस्त्याच्या आधी काय केलं होतं, तर शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या. मनोरे सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यावर सिनेमाही निघाला. कोठ्यांचं मोल कळायला मात्र माणसाने जूनमध्येच इथे यावं लागतं.

मागे चला. १९०७. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने पदरचे पैसे घालून बांधलेली नेरळ–माथेरान गाडी २२ मार्चला सुरू झाली. मार्चला! तुम्ही जूनमध्ये. (आजही पाऊस लागला की नेरळहून वर येणारी गाडी बंदच असते, अमन लॉज ते माथेरान तेवढी शटल चालते.) पुढे चला, इथे थांबण्यात अर्थ नाही.

१८६३. दक्षिणेला, खोपोलीच्या डोक्यावर, बोरघाट. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी घाटातली रेल्वे उघडली ती २१ एप्रिलला. सात वर्षं काम चाललं, ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं डोंगराला भिडलेली होती. पहिल्या कंत्राटदाराने अर्ध्यावर काम सोडलं, दुसरा सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि कंत्राट पुढे नेलं त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने. मजूर पटकीने मेले, तापाने मेले, दोर तुटून दरीत गेले. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. पण तुम्ही यातल्या कुठल्याही वर्षी उतरा, समोर काम दिसणार नाही. पावसाचे चार महिने घाटातलं काम जवळपास थंडच असायचं. अर्धवट बोगद्यांच्या तोंडांतून गढूळ पाणी वाहतंय, झोपड्यांचे कूड उभे आहेत, माणसं आपापल्या मुलखाला गेलीत. जी परत येतील त्यांतली काही एप्रिलच्या समारंभापर्यंत राहणार नाहीत.

एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा छापील इतिहास सगळा उघडिपीचा आहे. बोरघाटातला गाडीरस्ता सर जॉन माल्कमने उघडला १० नोव्हेंबर १८३० ला. माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं ४ फेब्रुवारी २००३ ला. फौजा, साहेब, इंजिनिअर, अधिसूचना, सगळे पाऊस संपल्यावर येतात आणि पाऊस लागायच्या आत जातात. इतिहासकार याला ‘मोहिमेचा काळ’ म्हणतात, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करणाऱ्या मुलखात त्यात नवल ते काय. पण मग उरलेल्या चार महिन्यांत इथे कोण असतं?

ते बघायला १८५० गाठा.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्स मॅलेट यांनी त्या मे महिन्यात चौकला तळ दिला होता. संध्याकाळी ते डोंगर चढून वन ट्री हिलपर्यंत आले, दुसऱ्या दिवशी चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन पुन्हा चढले आणि रामबागेकडून उतरले. माथेरानचा ‘शोध’ लागला तो असा. नोव्हेंबरात साहेब परत येतील, महिनाभर राहतील, पायवाटा साफ करवतील, पुढे घर बांधतील. तुम्ही आहात मे आणि नोव्हेंबर यांच्या मध्ये. शोध लागलेला आहे, शोधणारा ठाण्याला परतलेला आहे.

आणि डोंगर रिकामा नाही. खालच्या अंगाला धूर दिसतोय. ठाकरांची वाडी, पलीकडे कातकऱ्यांच्या झोपड्या, वर माथ्यावर धनगरांची गुरं. मॅलेट मे महिन्यात आले तेव्हा कातकरी आताच्यासारखे सगळे इथे नसतीलही. कोरड्या दिवसांत ते खैराच्या रानांत काताच्या भट्ट्या लावायला जात. मिरग आला की परत. पुढे खैर संपला, कात संपला, त्या जागी कोळशाच्या आणि मग विटांच्या भट्ट्या आल्या, पण वेळापत्रक तेच राहिलं: दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन बिऱ्हाड पाठीवर, पाऊस आला की वाडीत. मुसळी जमिनीबाहेर असते तेवढेच महिने कातकरी आपल्या घरात असतो. मला तरी या डोंगरांविषयी यापेक्षा मोठी गोष्ट कुठल्या गॅझेटिअरात वाचल्याची आठवत नाही.

बसा त्या कातळावर, थोडा वेळ आहे. एक बाई चढून येतेय, डोक्यावर इरलं, हातात पहार नाही, नुसती टोकदार काठी. ती शेवळं शोधतेय. जांभळट सोंडेसारखं शेवळ जमिनीतून वर आलं की दोन-तीन दिवसांत खुडावं लागतं, नाहीतर हुकलंच. ते घशाला खाजतं म्हणून बरोबर काकडाची आंबट फळं लागतात, तीही याच आठवड्यात झाडावर असतात. पलीकडे कुळूची कोवळी पात आलीय. ओढ्याला चढणीचे मासे लागलेत, वळगण म्हणतात तिला, त्यासाठी पोरं रात्रभर जागी आहेत. कणगी रिकामी असते तेव्हाच रान उघडतं. तिला मुसळी दिसते, नक्की दिसते, पण ती खणत नाही. मुसळीचा कंद आता सगळा फुलापानांत खर्ची पडलाय. कुणाला औषधाला हवा असेल तर पानं पिवळी पडल्यावर, जागा डोक्यात ठेवून, यायचं. ज्याला पावसात जागा माहीत नाही त्याला उन्हाळ्यात मुसळी सापडत नाही. बाजाराने हा हिशोब पुढे मोडला. गोणीने माल मागणारा व्यापारी आला की पानं पिवळी पडायची वाट कोण बघतो, आणि कंद खणला की झाड संपलंच, कारण फळही तिथेच मातीत असतं, तेही खणणाऱ्याच्या हाताखालीच येतं.

१८३९ ला थोडं डोकावून घेऊ. जॉन ग्रॅहम नावाचा मुंबईचा डेप्युटी पोस्टमास्टर जनरल, पत्रांच्या थैल्यांतून वेळ काढून मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी छापत होता. यादी पुरी व्हायच्या आधी तो घाटमाथ्यावर खंडाळ्याला वारला, मे महिन्यात. राहिलेलं काम त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने तडीस नेलं. आणखी दोन-तीन आठवडे जगता तर त्या वर्षीचा मिरग त्याला मिळाला असता. वनस्पती गोळा करणारी मंडळी ही उघडिपीच्या इतिहासातली एकुलती एक विक्षिप्त माणसं: पावसात निघतात. शंभर वर्षांनंतर सेंट झेवियर्स कॉलेजातले स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव याच खंडाळ्याच्या उतारांवर ऋतूमागून ऋतू फिरले, आणि त्यांचा ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ १९५३ मध्ये निघाला. त्यांना बघायचं तर जून चालतो. गुडघे टेकलेली, कपडे चिखलाने भरलेली आकृती दिसली तर हाक मारू नका.

१६६१, उंबरखिंड. खालापूर तालुक्याचं दक्षिणेचं टोक, चावणी गावाजवळची अरुंद वाट. २ फेब्रुवारीला शिवाजी महाराजांनी कारतलबखान आणि रायबाघन यांची फौज इथे कोंडली. ना पुढे जाता येईना, ना मागे, वरून बाण आणि धोंडे, आणि जवळ पाणी नाही. पाणी नाही, हा त्या लढाईतला कळीचा मुद्दा. तुम्ही जूनमध्ये उभे आहात आणि अंबा नदी दोन्ही काठ घेऊन चाललीय. त्या दिवशीची तहान इथून समजणं अवघड. निघा.

आता मोठी उडी. आजपासून दोन हजार वर्षांहून जास्त मागे. कातळही बदलायचा आहे: उत्तरेला कर्जतच्या बाजूला, राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे. लेणी तुम्ही पाहिली असतील, पावसाळ्यात तोंडावरून धबधबा पडतो म्हणून हल्ली तिथे रांग असते. आज रांग नाही. चैत्याची कमान ताजी आहे, टाकीचे घाव अजून मऊ झालेले नाहीत. दगड कोरताना कारागिरांनी लाकडाचं घर डोळ्यांसमोर ठेवलं होतं. वासे, तुळया, जाळ्या, सगळं सुतारकाम, पण बेसॉल्टमध्ये. डाव्या हाताला एक मोठा कोरीव मुखवटा आणि त्याच्याजवळ ब्राह्मीतली एक ओळ: कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच तिचा मतलब. या सबंध प्रवासात पावसात नाव सांगणारा भेटलेला हा पहिला माणूस.

आणि इथे माणसं आहेत. विहाराच्या खोल्यांतून दगडी ओट्यांवर भिक्षू बसलेत. हे पावसाला कंटाळून थांबलेले प्रवासी नव्हेत, पावसासाठीच थांबलेत. वर्षावास. आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहायचं, फिरायचं नाही. विनयपिटकातल्या महावग्गात या नियमाचं कारण दिलंय ते असं, की बुद्धाचे भिक्षू उन्हाळा, हिवाळा, पावसाळा न बघता हिंडत, तेव्हा लोकांनीच तक्रार केली: हे कसले श्रमण, कोवळं हिरवं तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात, पक्षीसुद्धा पावसात घरटं करून बसतात. म्हणून नियम झाला.

चैत्यासमोरच्या उतारावर बघा. कातळाच्या फटीत पिवळं आहेच.

तुमच्या जागी मी असतो तर इथे जरा जास्त रेंगाळलो असतो. सगळ्या वाटेवर ही एकच मंडळी भेटली जिने या चार महिन्यांना वर्षाचा उरलासुरला भाग मानलं नाही. लेणी खोदायला पैसा व्यापाऱ्यांच्या तांड्यांकडून आला असेल. कल्याण-सोपाऱ्याहून घाटावर जाणारे तांडे पावसाळ्यात बंद असत, म्हणजे भिक्षूंच्या वाट्याला हे महिने निवांत, फक्त पाण्याच्या आवाजाचे. बलक त्या आवाजावर ओरडून शिष्यांशी बोलत असेल की गप्प राहत असेल, सांगता येत नाही. एक मात्र खरं, वर्षावासात मुक्काम सोडून दूर हिंडायची भिक्षूला मुभा नव्हती, आणि त्यामुळे उतारावरची पिवळी चांदणी तुम्ही जितकी जवळून बघताय तितक्या जवळून त्यानेही बहुधा पाहिली असेल.

याच्या मागे जाता येईल का? कातळाच्या वयापर्यंत तर नाहीच. हा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थंड होताना बघायला तुम्हाला आवडलं असतं, पण तिथे फूल नाही, आणि अट म्हणजे अट.

परत फिरा. येताना एक मुक्काम चुकवता येत नाही. १९ जुलै २०२३ ची रात्र. मघापासून समोर दिसणाऱ्या त्या इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी, ठाकरांची. कित्येक दिवसांचा पाऊस, आणि रात्री डोंगराचा उतार वाडीवर आला. वर गाडी जाईल असा रस्ता नव्हता, जेसीबी नेता येईना, बचावाला आलेली माणसं चिखलातून चढली आणि हाताने, फावड्याने माती उपसत राहिली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. वाचलेल्यांची बिऱ्हाडं खाली चौकजवळ कंटेनरांत लागली. आतापर्यंतची प्रत्येक तारीख फुलाच्या हंगामाबाहेर पडत गेली होती. ही एक आत पडते.

आता आजचा जून. कातळावर परत तुम्ही आहात, आणि एकटे नाही. चार पोरं स्पीकर घेऊन वर चाललीत, मागून तीसजणांचा ग्रुप, सगळ्यांना एकाच रंगाचे पोंचो. चार महिने मोकळी असलेली ही वाट आता त्याच चार महिन्यांत भरते. इंस्टाग्रामवर पावसाळी सह्याद्री दिसायला लागल्यापासून खोपोली-कर्जतच्या धबधब्यांवर शनिवार-रविवारी पोलीस उभे करावे लागतात, कधी सरळ बंदीच घालावी लागते. कुणी मुद्दाम काही तुडवत नाही. पाय घसरतो म्हणून माणूस कातळाच्या कडेच्या मातीवर पाय देतो, आणि मुसळी नेमकी त्या मातीत असते.

“काय पडलं का हो?” वाडीतली बाई विचारते. तुम्ही अजून गुडघ्यांवर. डोक्यावरच्या पाटीत शेवळांच्या जुड्या आहेत, चौकच्या नाक्यावर विकायला निघालीय. तुम्ही फूल दाखवता. ती एकदा बघते. “मुसळी हाय ती. त्या अंगाला जास्ती हाय,” आणि जुडीचा भाव सांगते. घ्या. काकडंही मागून घ्या, नाहीतर घसा खाजेल.

खाली उतरलात की खाचरांच्या शेवटी पत्र्याचा बोर्ड आहे, सेकंड होमचे प्लॉट, हिरवागार डोंगर छापलेला. टपरीत बसलेला एजंट चहा विचारतो, भाव सांगतो, मागचा खडकाळ तुकडा हवा असेल तर स्वस्तात बसेल म्हणतो. आत्ता दाखवा म्हटलं तर हसतो. आत्ता कसलं, चिखल आहे, दिवाळी होऊ द्या, मोजणी तेव्हाच लागणार, मोजणीवाले पावसात येत नाहीत. तोवर हवं तर कागद बघून ठेवा म्हणून मोबाईलवर सातबारा उघडतो. भाताखालचं क्षेत्र वेगळं लिहिलंय. खडकाचा तो सगळा भाग पोटखराब, आकार शून्य.